ती पाल, ते पाल आणि वाटीतलं पाल

गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, आलापल्ली, सिरोंचा हा पट्टा असा आहे की आठवडी बाजारात एका ओळीतल्या चार दुकानांवर चार भाषा ऐकू येतात. मराठी तर आहेच. माडिया-गोंडी आहे, गोदावरी-प्राणहितेकडची तेलुगू आहे आणि साठच्या दशकापासून पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या गावांची बांगलाही आहे. अशा बाजारात 'पाल' हा शब्द उच्चारला तर कोण काय समजेल, हे सोबतचं वाक्य ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. मराठी माणूस भिंतीकडे पाहील नाहीतर डोक्यावरच्या ताडपत्रीकडे. गोंडी आणि तेलुगू बोलणाऱ्याला दूध आठवेल. बांगला बोलणाऱ्याला गुरांचा कळप, नावेचं शीड किंवा शेजारचं आडनाव.

आधी मराठीतलंच पाहू, कारण आपल्याकडेच हे दोन शब्द आहेत आणि ते सहसा लक्षात येत नाही. ती पाल, अनेक पाली. ते पाल, अनेक पालं. लिंग वेगळं, अनेकवचन वेगळं, म्हणजे शब्दही वेगळे. बाजारात 'पालं पडली' म्हटलं तर कोणी पंचांग उघडत नाही. 'अंगावर पाल पडली' म्हटलं की घरातली म्हातारी माणसं पल्लीपतनाचं पान शोधतात. त्या पानावरचा 'पल्ली' हाच आपल्या सरपटणाऱ्या पालीचा जुना अवतार.

पल्लीची पाल झाली ती नेहमीच्या मराठी वळणाने. जोडाक्षरातलं एक व्यंजन गेलं की मागचा स्वर लांबतो: सप्त, सत्त, सात, हस्त, हत्थ, हात, कल्य, कल्ल, काल. शेवटची ई गळते, जशी रात्रीची रात झाली. दोन्ही नियम पल्लीला लावा, पाल हातात येते. शब्दाचा माग काढताना मी अशाच पायऱ्यांवर विश्वास ठेवतो. एकाच शब्दाला लागू पडणारा नियम हा नियम नसतो, ती जुळवाजुळव असते.

आता गंमत अशी की संस्कृतात पल्लीचे दोन अर्थ आहेत: घरातली पाल आणि लहान गाव. एटापल्ली, आलापल्ली ही नावं दुसऱ्या अर्थाची. पालींशी त्यांचा काही संबंध नाही. एका शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले, याचं उत्तर दक्षिणेत मिळतं. तमिळमध्ये पल्लि म्हणजे पाल आणि पळ्ळि म्हणजे वस्ती, देवस्थान, शाळा. एकात ल, दुसऱ्यात ळ. कन्नडमध्येही तसंच, फक्त जुन्या प चा ह झालेला: हल्लि म्हणजे पाल, हळ्ळि म्हणजे गाव. अभिजात संस्कृतात ळ नाही. हे शब्द द्राविडी बाजूने संस्कृतात आले असं मानलं जातं. तसं असेल तर येताना ळ गळून दोन्हींचा एकच पल्ली झाला, हे सरळ दिसतं. तेलुगूतही गावाच्या नावात ल्ल च आहे, पण तिथे घरातल्या पालीला बल्लि म्हणतात, त्यामुळे घोटाळा होत नाही.

दुधाची गोष्ट वेगळ्याच मुळाची. तमिळ-मल्याळममध्ये पाल्, तेलुगूत पालु, गोंडीत पाल, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कोलामीतही पाल, कन्नडमध्ये हालु. तुळूमध्ये ते पेर् झालं आहे, कानाला अजिबात सारखं लागत नाही, पण कुळ तेच. आणि पार बलुचिस्तानातल्या ब्राहुईत पाल्ह. म्हणजे दीड-दोन हजार किलोमीटरवरचं पाल्ह हे गोंडी पालचं सख्खं भावंड, आणि शेजारच्या घरातली मराठी पाल मात्र कोणीच नाही. तमिळमध्ये आणखी एक पाल् आहे, भाग किंवा विभाग या अर्थाचा. तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथाचे तीन मोठे विभाग पाल् म्हणूनच ओळखले जातात आणि तमिळ व्याकरणात लिंगालाही पाल् म्हणतात. तेलुगूत पालु म्हणजे वाटा, हिस्सासुद्धा. दूधवाला पालु मात्र तेलुगूत कायम अनेकवचनी चालतो, तिथल्या पाण्याच्या शब्दासारखाच. वाक्यातलं क्रियापद ऐकलं की ते कळतं.

मेळघाटात कोरकूंच्या गावात हाच शब्द शोधायला जाऊ नका. कोरकूचं कूळ मुंडा आहे, द्राविडी नव्हे. 'आदिवासी भाषा' असं एकच पोतं करून त्यात सगळं भरण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे शब्दसंग्रहांचं जितकं नुकसान झालंय तितकं वाळवीनेही केलं नसेल.

गावात शब्द टिपताना चुका कुठे होतात, तेही सांगतो. 'तुमच्या भाषेत दुधाला काय म्हणता?' असं मराठीत विचारलं की निम्म्या वेळा 'दूध'च उत्तर येतं, कारण समोरचा माणूस दोन्ही भाषा बोलतो आणि पाहुण्याला सोपं पडेल ते देतो. त्यापेक्षा वासरू गाईजवळ जाऊन काय पितं, असं विचारावं. शब्द सुटा तीनदा म्हणवून घ्यावा, मग एका वाक्यात, मग अनेकवचनात. एका घरातली आजी आणि शाळकरी पोर दोघांना विचारावं. उत्तर वेगळं आलं तर दोन्ही लिहावं, आपण 'शुद्ध' कोणतं ते ठरवू नये. नोंदीत गाव, बोलणाऱ्याचं अंदाजे वय आणि घरात चालणाऱ्या भाषा हव्यातच.

ऱ्हस्व-दीर्घाला तर पर्याय नाही. गोंडीत आणि कोलामीत पल म्हणजे दात आणि पाल म्हणजे दूध. एक काना सुटला की बाळ दुधाऐवजी दात पितं. म्हणून असे जोडीचे शब्द लागोपाठ म्हणवून घ्यावेत, एकेकटे नाही. आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत नोंदी घेणं सरळ बंद करावं. त्या लिपीतल्या तीन अक्षरांत पल, पाल, पळ, पाळ सगळं मावतं आणि नंतर ओळखू काहीच येत नाही. कोरियनमध्ये हात या अर्थाचा आणि आठ या अर्थाचा असे दोन शब्द त्याच तीन रोमन अक्षरांनी लिहितात, पण उच्चार आपल्या फ च्या जवळचा आहे. हातवाला त्यांचा मूळचा, आठवाला चिनीतून आलेला.

बाकी जगभर पाल पसरलेलीच आहे. हंगेरीत पाल हे पुरुषाचं नाव, लॅटिन पाउलुसवरून. नेपाळीत पाल म्हणजे तंबू, हिंदीत शीड आणि तंबू दोन्ही. ताणलेलं कापड हा धागा आपल्या बाजारातल्या पालापर्यंत दिसतो. बंगालच्या पाल राजांच्या नावातला पाल हा रक्षणकर्ता, गोपाळातला तोच. १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं ते ज्या पाल पद्धतीचं होतं, ती मात्र फेज अल्टरनेटिंग लाइन या तीन शब्दांची आद्याक्षरं.

इंग्रजीत पॅल म्हणजे दोस्त, आणि हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. तो सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या रोमानी लोकांकडून इंग्रजीत गेला. रोमानी ही मूळची आपल्याकडची भाषा. तिच्यात भ, ध, घ यांचे फ, थ, ख होतात. संस्कृत भ्रातृ तिथे फ्राल झाला, त्यातून पॅल. आपल्याकडे त्याच भ्रातृचा भाऊ झाला. म्हणजे वऱ्हाडात पानठेल्यावर अनोळखी माणसाला 'भाऊ' म्हणून हाक मारतात, तीच हाक लंडनमध्ये पॅल म्हणून ऐकू येते. दिसायला जवळचा पाल परका आणि दिसायला लांबचा भाऊ सख्खा.

वऱ्हाडीत आणखी एक भानगड आहे. इथे ळ चा य होतो: डोया, काया, शाया. त्यामुळे पाळलं हे पायलं होतं, आणि पाहिलं हेही भरभर बोलताना पायलंच ऐकू येतं. 'त्यानं कुत्रं पायलं' या वाक्यात कुत्रं घरी आहे की रस्त्यावर दिसलं, हे पुढच्या वाक्यावर ठरतं. पूर्वेकडे झाडीपट्टीत ळ चा र होतो, म्हणून तलावाची पाळ तिथे पार होते आणि गावात वडाचा पार असतोच. उदयपूरला याच बांधाला पाल म्हणतात, फतेहसागर की पाल. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर शब्द टिपायला गेलात तर बांधाला, सांडव्याला, पाटाला काय म्हणतात ते बांधावर उभं राहून, बोट दाखवून विचारा. घरात बसून विचारलं तर पार कोणता, हे पुन्हा विचारावं लागतं.