बाथरूमची फरशी दोघांनी बदलली: कोपऱ्यांचं गणित

बाथरूम दीड मीटर बाय २.१ मीटर. पाणी कोपऱ्यात साचायचं, दोन टाइल्स वाजवल्या की पोकळ आवाज द्यायच्या. फोडून नवी करायची असं ठरलं आणि बांधकामातलं कळणारा मित्र सोबत घेतला. अशा कामात दुसरा माणूस ओझं उचलायला लागतो असं वाटतं. खरं तर तो लागतो मापं घ्यायला.

फोडण्याआधी उंचीचा हिशेब. ट्रॅपपाशी (पाणी बाहेर जाण्याचं तोंड) कोबा, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, किमान २० मिमी, वॉटरप्रूफिंग २, चिकटवायचा मसाला ५, टाइल ९. म्हणजे स्लॅबपासून ३६ मिमी. त्यात उताराचे २६ (हिशेब पुढे) मिळवले की लांबच्या कोपऱ्यात ६२. एवढं करूनही दाराशी फरशी उंबऱ्याच्या खाली १५ ते २० मिमी राहायला हवी. ती राहत नसेल तर पातळ टाइल घ्या किंवा उंबरा उचला, पण हे फोडायच्या आधीच ठरवा.

फोडणं सोपं, फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. नहाणी ट्रॅपमध्ये आधी कापडाचा बोळा घट्ट बसवा; एक खडा आत गेला की पुढे महिनोन्‌महिने पाणी तुंबतं. आणि राबिट, म्हणजे फोडून निघालेला माल, पोत्यात पंधरा किलोच भरा. जुनी टाइल आणि खालचा थर मिळून ६० मिमी असेल तर एवढ्याशा खोलीतून पावणेचारशे किलोच्या आसपास माल निघतो. गॉगल आणि मास्क हवेतच.

आता मुद्द्याची गोष्ट, उतार. उतार कोब्यात काढायचा, टाइलखालच्या मसाल्यात नाही. मसाला कुठे तीन, कुठे पंधरा मिमी झाला की तो सारखा आटत नाही आणि टाइलच्या कडा वरखाली होतात.

आमचा ट्रॅप कोपऱ्यात होता, ही नशिबाची बाब. ट्रॅप मधोमध असला की जमिनीला चार बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि मोठी टाइल तिरकी कापल्याशिवाय बसत नाही. कोपऱ्यात असेल तर अख्खी जमीन एकच सपाट पाट, फक्त कलता ठेवलेला. शंभराला एक उतार धरला. कर्ण सुमारे २.६ मीटर, म्हणून समोरचा कोपरा २६ मिमी वर. उरलेले दोन: आखूड भिंतीच्या टोकाचा ९, लांब भिंतीच्या टोकाचा १७. पडताळा सोपा आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा सारख्या यायला हव्यात: ० अधिक २६, आणि ९ अधिक १७. बेरीज जुळली नाही तर जमीन पिळलेली होते आणि त्यावर कितीही निगुतीनं टाइल लावली तरी एक कोपरा उचललेलाच राहतो.

हे आकडे भिंतीवर उतरवायला पाण्याची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक मित्राकडे, एक माझ्याकडे. नळीत हवेचा एक जरी बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी येते. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतं का ते बघायचं. वाचताना कुणीही टोकावर अंगठा ठेवायचा नाही. चारही कोपऱ्यांत एकाच पातळीची खूण केली. तिथून खाली कोब्याच्या माथ्यापर्यंत ट्रॅपपाशी १००० मिमी, मग ९९१, ९८३ आणि समोर ९७४.

त्या उंचीवर कोपऱ्यांत मसाल्याचे ठिपके बसवले आणि कर्णांवर दोन दोऱ्या ताणल्या. बरोबर असेल तर मधोमध दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकतात. आमची एक दोरी दुसरीला वर ढकलत होती, म्हणजे एक ठिपका चुकला होता. आखूड भिंतीकडचा चार मिमीनं चढा निघाला.

कोबा एकास चार. सरासरी ३५ मिमी जाडीला सिमेंटचं ५० किलोचं एक पोतं आणि साधारण १४० लिटर वाळू पुरते, थोडं उरतंही. माल अर्धओला: मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पाणी मात्र सुटू नये. पातळ केला तर उताराकडे सरकतो आणि सुकताना तडकतो. स्लॅब ओला करून सिमेंटचा घोळ फासला की लगेच माल टाकायचा, घोळ सुकू द्यायचा नाही. भिंत आणि जमीन मिळतात तिथे गोलसर वाटा काढला, म्हणजे कोपरा मसाल्यानं गोल केला. काटकोनात वॉटरप्रूफिंगचा थर हमखास फाटतो. सात दिवस पाणी मारलं.

वॉटरप्रूफिंग पावडर आणि पॉलिमरचं. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, भिंतीवर ३०० मिमी चढवून आणि ट्रॅपच्या कडेत उतरवून. माल मोजताना भिंत विसरू नका. जमीन ३.१५ चौरस मीटर, पण भिंतीची पट्टी धरून ५.३ होते. थर तीन दिवस सुकल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलची रेघ ओढली आणि ४८ तास हात लावला नाही. पाणी थोडं उडून जातंच, म्हणून शेजारी बादलीत तेवढंच पाणी ठेवा. दोन्हीकडची घट सारखी असेल तर गळती नाही. खालच्या मजल्याचं छतही बघून या.

टाइल ३०० बाय ३००, व्हिट्रिफाइड. ही पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटवर धरत नाही, अॅडेसिव्हच हवं. ती भिजवायचीही नाही. कागदावर पाच गुणिले सात, ३५ टाइल्स नेमक्या बसतात. पण ३ मिमी दर्जा (दोन टाइल्समधली फट) आणि कडेला ५ मिमी फट धरली की लांबीत २८ आणि रुंदीत २२ मिमी कापावं लागतं. हा काप दारापासून लांबच्या ओळीत टाका. आधी कोरड्या मांडून बघा, दहा टक्के जास्तीच्या घ्या.

इथे दोघांची वाटणी ठरलेली: एक कालवतो आणि कापतो, एक लावतो. २० किलोला साधारण पाच लिटर पाणी (पिशवीवरचा आकडा खरा), पाच मिनिटं मुरू द्या, पुन्हा ढवळा. दातेरी थापीच्या रेघा एकाच दिशेनं ओढायच्या. गोल फिरवल्या की मध्ये हवा अडकते. टाइलच्या पाठीलाही पातळ थर. एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरतंच पसरा. बोटाला चिकटत नसेल तर साय धरली, खरवडून टाका. अधूनमधून एक टाइल उचलून पाठ बघा. ओल्या जागेत ९५ टक्के पाठ भरलेली हवी. पाचवी उचलली तर एक कोपरा कोरडा होता, कारण माझा थापीचा हात तिथे सपाट पडला होता. ट्रॅपची जाळी टाइलपेक्षा दोन मिमी खाली बसवली.

दुसऱ्या दिवशी दर्जा भरल्या, इपॉक्सीनं, म्हणजे कालवल्यावर कडक होणाऱ्या मालानं. थोडाच कालवायचा, अर्ध्या तासात तो आवळतो. एकानं भरायचं, दुसऱ्यानं मागोमाग ओल्या स्पंजनं पुसायचं. टाइलवर राहिलेला पापुद्रा दुसऱ्या दिवशी घासून निघत नाही. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात मात्र सिलिकॉन. तो सांधा हलतो, कडक माल तिथे तडकणारच.

शेवटी लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते ट्रॅपपर्यंत कुठेही न अडखळता गेलं, फक्त दाराजवळच्या एका दर्जेत थेंबभर रेंगाळलं.