पांढऱ्या पेशीतले काळे कण

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांचा मोठा वाटा दरवर्षी आमच्याच जिल्ह्यातून येतो, त्यामुळे पावसाळा आणि त्यापुढचे दोन-तीन महिने माझा दिवस सूक्ष्मदर्शकाच्या शंभरच्या लेन्सवरच सरतो. लोकांना वाटते की रक्त यंत्रात घातले की रिपोर्ट बाहेर पडतो. मलेरियाची काच मात्र डोळ्यांनीच पाहावी लागते, आणि एक काच नीट पाहायला आठ-दहा मिनिटे लागतात. गेल्या ऑक्टोबरमधल्या ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे, त्या दिवशी माझ्यापुढे बेचाळीस काचा होत्या.

त्यातली अडतिसावी काच चौदा वर्षांच्या एका मुलीची होती. ती आश्रमशाळेत शिकते. पाच दिवस ताप होता, पहिले दोन दिवस शाळेतच गेले, मग वडिलांनी तिला गावाजवळच्या एका खासगी डॉक्टरकडे नेले आणि तिथे दोन सलाइन, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि तीन रिपोर्ट असा सगळा संच मिळाला. टायफॉइडसाठीची विडाल चाचणी पॉझिटिव्ह, डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह, प्लेटलेट बासष्ट हजार. मलेरियाची तपासणी त्या कागदांत कुठेच नव्हती. ज्या जिल्ह्यात तापाच्या प्रत्येक माणसाचे बोट आधी टोचले पाहिजे, तिथे तीन रिपोर्टांचे पैसे घेऊनही हे एक काम राहून जाते, याचा मला दरवर्षी राग येतो. वडिलांनी मला पहिला प्रश्न विचारला तोही नेहमीचाच होता : "मॅडम, पेशी किती आल्या?" डेंग्यूच्या भीतीने पेशी हा शब्द घराघरांत गेला आहे. मलेरियातही प्लेटलेट इतक्याच खाली येतात, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

ही काच मी कशी केली ते सविस्तर सांगते, कारण ती मी नीटच केली होती. डाव्या हाताच्या अनामिकेला सुई, पहिला थेंब पुसून टाकला, मग एकाच काचेवर जाड लेप आणि त्याच्या शेजारी पातळ लेप. जाड लेप छापील कागदावर ठेवला तर त्यातून अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. पातळ लेपाचे टोक जिभेसारखे गोलसर उतरले पाहिजे. पातळ लेप मिथेनॉलने पक्का करायचा, जाड लेप मात्र पाण्यात धरायचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन निघून जाते आणि थरावर थर असलेल्या रक्तातले परजीवी उघडे पडतात. मग रंग. आमच्याकडे जेएसबी वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये आपल्याच देशात तयार केलेला हा रंग स्वस्त आहे, झटपट चढतो आणि वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांतल्या प्रयोगशाळांनी त्याच्यावरच काम केले आहे. तो चांगला चढला की परजीवीचे अंग निळे आणि केंद्रक लाल दिसते. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीची कोवळी अवस्था म्हणजे सात मायक्रॉनच्या तांबड्या पेशीत तिच्या पाचव्या हिश्श्याएवढी एक नाजूक निळी अंगठी आणि त्या अंगठीवर खड्यासारखा बसलेला लाल ठिपका.

हा लाल ठिपका मला आजही थांबवतो. जिवाणूत तो सापडणार नाही, कारण जिवाणूला केंद्रक नसते. टायफॉइडचा साल्मोनेला ही दोन-तीन मायक्रॉनची साधी कांडी आहे, तिला स्वतःची पेशीभित्तिका असते. डेंग्यूचा विषाणू तर पेशीही नाही. तो सुमारे पन्नास नॅनोमीटरचा असतो आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाला कधीच दिसणार नाही, म्हणूनच त्याच्या प्रथिनाची चाचणी करावी लागते. मलेरियाचा परजीवी या दोघांपेक्षा आपल्या अधिक जवळचा आहे. त्याला केंद्रक आहे, तो आपल्याच तांबड्या पेशीत बसून आपलेच हिमोग्लोबिन खातो. एकाच तापाच्या तीन शक्यता सजीवांच्या इतक्या दूरदूरच्या घराण्यांतल्या असतात, आणि लोक तिघांनाही 'जंतू' म्हणून एकाच इंजेक्शनची अपेक्षा धरतात. लोकांचे सोडा, 'टायफॉइड-मलेरिया मिक्स' असे निदान लिहून दोन्हीकडची औषधे देणारे डॉक्टरही मी रोज पाहते. विडालची चाचणी १८९६ पासून चालत आली आहे. ती शरीरातली प्रतिपिंडे मोजते, जंतू पाहत नाही. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा अंगात मलेरियाच असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आमच्या भागात एका विडालवर टायफॉइड ठरवणे मला अजिबात मान्य नाही.

मी जाड लेपाची शंभर फील्ड, म्हणजे लेन्सखाली एका वेळी दिसणारे शंभर भाग, पाहिली. मनात धरून नव्हे, काउंटरवर मोजून पाहिली. एकही अंगठी नव्हती, केळ्याच्या आकाराचे गॅमिटोसाइट, म्हणजे परजीवीची लैंगिक अवस्था, नव्हते. पातळ लेपाच्या टोकाकडची काही फील्डही पाहिली. तिथे दोन-तीन पांढऱ्या पेशींत तपकिरी-काळे बारीक कण दिसले. मी फोकस थोडा हलवला आणि पुढे गेले. मला वाटले, रंगाचा गाळ आहे.

असे वाटायला कारण होते. जेएसबी आठवड्यातून एकदा तरी गाळून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचा साका काचेवर बसतो. गाळणकागद संपल्याला तीन आठवडे झाले होते. मी दोनदा मागणी लिहून दिली होती. जलद चाचणीची किटेही संपली होती, त्यांचे मागणीपत्र वर गेलेले होते. त्या काळात मी प्रत्येक काचेवर कुठे ना कुठे गाळ पाहत होते आणि डोळ्यांना त्याची सवय झाली होती. रिपोर्टावर मी 'मलेरिया परजीवी आढळले नाहीत' असे लिहिले, सही केली आणि उरलेल्या चार काचांकडे वळले.

आमचे वैद्यकीय अधिकारी तरुण आहेत, मनापासून काम करतात, आणि रिपोर्टावर विश्वास ठेवतात. त्यांनी मुलीला दाखल करून घेतले, विडालचा कागद आणि माझा कागद समोर ठेवला आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केले. हे प्रतिजैविक टायफॉइडसाठी योग्यच होते. पण ते ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालते, ती मलेरियाच्या परजीवीला नसतेच. रात्रभर ते सलाइनमधून जात राहिले.

पहाटे साडेचारला सिस्टरचा फोन आला. मुलगी धड बोलत नव्हती, एक झटका येऊन गेला होता, आणि डॉक्टरांना नवी काच हवी होती. मी क्वार्टरमधून चालत गेले. बोट टोचताना तिने हात मागे घेतला नाही, हे मला आठवते. या वेळी जाड लेपात दर दोन-तीन फील्डमागे एक अंगठी दिसू लागली. पातळ लेपात तर एकाच तांबड्या पेशीत दोन अंगठ्या, दुसऱ्या एका पेशीच्या कडेला चिकटलेली एक, आणि एका अंगठीवर दोन लाल ठिपके. पीएफ, म्हणजे फाल्सिपॅरमच, शंका घ्यायला जागा नव्हती. मी धावत वॉर्डात गेले. तोवर डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहून ग्लुकोज दिलेले होते. आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाची साठ मिलिग्रॅमची व्हायल सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून दर किलोला २.४ मिलिग्रॅम या हिशेबाने छत्तीस किलोच्या मुलीला जवळजवळ दीड व्हायल शिरेतून दिली गेली, आणि सहाच्या आत १०८ची गाडी तिला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघाली.

मी प्रयोगशाळेत परत आले आणि आदल्या दिवशीची काच काढली.

पांढऱ्या पेशीतले ते कण गाळ नव्हते. गाळ काचेवर पेशींच्या वर बसतो, त्यामुळे तो आणि पेशी एका वेळी स्पष्ट दिसत नाहीत. शिवाय तो मोकळ्या जागेतही सापडतो. हे कण पेशीच्या आत होते, पेशी स्पष्ट झाली की तेही स्पष्ट होत होते, आणि फोकस हलवला की चमकत होते. मी पातळ लेपातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोजायला घेतल्या. पन्नासांत सातांमध्ये कण होते. ते हिमोझोइन होते. परजीवी हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा उरणारा हीम हा लोहयुक्त भाग त्याला स्वतःलाच विषारी असतो, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. तांबडी पेशी फुटली की हे स्फटिक रक्तात सांडतात आणि आपल्या पांढऱ्या पेशी ते गिळतात. न्यूट्रोफिलच्या पोटात असे कण भरपूर दिसणे म्हणजे नुकत्याच पुष्कळ तांबड्या पेशी फुटलेल्या असणे, आणि ते गंभीर मलेरियाचे लक्षण मानले जाते.

मग अंगठ्या का दिसल्या नाहीत? फाल्सिपॅरमचे चक्र साधारण अठ्ठेचाळीस तासांचे असते. पहिल्या भागात कोवळ्या अंगठ्या रक्तातून फिरतात. परजीवी मोठा होऊ लागला की त्याने धरलेली तांबडी पेशी मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते आणि बोटाच्या थेंबात येतच नाही. म्हणजे मी काच पाहत होते तेव्हा परजीवी तिच्या अंगात होते, फक्त बोटात नव्हते. पहाटेपर्यंत पेशी फुटल्या आणि नवी पिढी रक्तात उतरली. मलेरियाचा दुसरा परजीवी, व्हायव्हॅक्स, असता तर तो असा लपला नसता. जलद चाचणीचे किट असते तरी काम झाले असते, कारण फाल्सिपॅरम रक्तात सोडतो ते एचआरपी-२ हे प्रथिन परजीवी दडून बसला तरी सापडते. एका पट्टीचा प्रश्न होता.

खासगी डॉक्टरांनी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनचाही मी खूप विचार केला. ते जिवाणूंवरचे औषध आहे, तरी ते मलेरियावर थोडे चालते. परजीवीच्या पेशीत एपिकोप्लास्ट नावाचे एक पेशीअंगक असते. त्याच्या पूर्वजाने फार फार पूर्वी एका लाल शैवालाला आपल्यात सामावून घेतले, त्या शैवालातले हरितलवक स्वतः सायनोबॅक्टेरियापासून आलेले होते, आणि त्याचाच अवशेष आजही या परजीवीत टिकून आहे. त्याचा प्रथिने बनवण्याचा कारखाना जिवाणूंच्या धर्तीचा असल्याने डॉक्सिसायक्लिन त्याला बाधते. पण ते फार सावकाश काम करते, आणि परिणाम मुख्यतः पुढच्या पिढीवर दिसतो. तिच्या रक्तातली संख्या काही प्रमाणात दबलेली असण्याला त्या गोळ्याही कारण असतील. एकट्या त्या गोळ्यांनी ती बरी होणार नव्हती हे मात्र नक्की.

ज्या कणांकडे मी दुर्लक्ष केले, त्यांच्यामुळेच या रोगाचा परजीवी सापडला आहे, हे मला शिकत असल्यापासून माहीत होते. परजीवी सापडण्याच्या तेहतीस वर्षे आधी, १८४७ मध्ये, हाइनरिश मेकेल यांनी प्रेतपरीक्षेत हे काळे द्रव्य पाहिले होते. अल्जीरियातल्या कॉन्स्टन्टिन इथे फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फोन्स लाव्हेराँ या द्रव्याचाच माग काढत होते, आणि तो काढता काढता ६ नोव्हेंबर १८८० रोजी त्यांना जिवंत परजीवी दिसला. प्रशिक्षणात हे उत्तर मी दोन वेळा लिहिले आहे आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले आहेत.

मुलगी वाचली. नऊ दिवसांनी घरी आली आणि पुढच्या आठवड्यात वडिलांबरोबर फेरतपासणीसाठी आमच्याकडे आली. थोडी कृश झाली होती, पण स्वतः चालत आली. काच स्वच्छ होती. वडील माझ्याशी नेहमीसारखेच बोलले, कारण पहिल्या रिपोर्टाबद्दल त्यांच्या मनात काहीही नव्हते. मीही त्यांना त्या दिवशी काही सांगितले नाही. डॉक्टरांना मात्र मी त्याच सकाळी काच दाखवली होती. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ताई, मीसुद्धा एका निगेटिव्हवर थांबायला नको होते." तेव्हापासून दाखल असलेल्या तापाच्या रुग्णाची काच निगेटिव्ह आली तरी आम्ही ती बारा तासांनी पुन्हा घेतो. पांढऱ्या पेशींत रंगद्रव्य दिसले तर मी रिपोर्टावर ती ओळ हाताने लिहिते, कारण छापील नमुन्यात तिच्यासाठी रकाना नाही. गाळणकागद मी आता स्वतःच्या पैशाने आणते.

आमच्याकडच्या निगेटिव्ह काचांतल्या काही काचा फेरतपासणीसाठी वरच्या प्रयोगशाळेत जातात. त्या महिन्याच्या गठ्ठ्यात अडतिसावी काच मी मुद्दाम घातली. बरोबर चिठ्ठी लावली नाही, कारण दुसऱ्या डोळ्यांना तिथे काय दिसते ते मला पाहायचे होते. दीड महिन्याने काचा परत आल्या. त्या क्रमांकासमोर 'निगेटिव्ह, निष्कर्ष जुळतो' असा शेरा होता, आणि नियमाप्रमाणे तो बरोबर आहे. ती काच मी कागदात गुंडाळून सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत ठेवली आहे. नवीन मुले प्रशिक्षणासाठी येतात तेव्हा त्यांना काही न सांगता पातळ लेपाचे टोक लावून देते आणि काय दिसते ते विचारते. आतापर्यंत चौघांना विचारले. तिघांनी गाळ असे सांगितले. चौथी मुलगी बराच वेळ फोकस वर-खाली करत राहिली आणि म्हणाली की हे कण पेशीच्या आत आहेत.