स्कार्फ बांधला म्हणजे ऊन अडलंच असं नाही

५० ग्रॅमची सनस्क्रीनची ट्यूब अख्खं सेमिस्टर पुरत असेल, तर तुम्ही ती नावापुरतीच लावताय. एसपीएफचा (क्रीम ऊन किती अडवतं ते सांगणारा) आकडा काढताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम थर देतात. चेहरा आणि मानेसाठी याचा हिशोब म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, साधारण १ ग्रॅम. सकाळी निघण्याआधी १५-२० मिनिटं आणि दुपारी पुन्हा एकदा लावलं, तर ट्यूब महिन्याच्या आत संपायलाच हवी.

एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (यूव्ही म्हणजे अतिनील किरण, त्यांचा एक प्रकार) अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे महागडा आकडा घेऊन वाटाणाभर लावण्यापेक्षा ३० वालं भरपूर लावलेलं कधीही चांगलं. लोक कमी लावतात ते बहुतेकदा चेहरा पांढुरका दिसतो म्हणून. अशांनी जेल किंवा टिंटेड प्रकार घ्यावा. टिंटेडमधलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर वांग आणि पिंपल्सचे डाग गडद करण्यात त्या प्रकाशाचा मोठा हात असतो. पाकिटावर पीए+++ (यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासून संरक्षणाची खूण) आहे ना, तेही बघा. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतं, यूव्हीए तर वर्गातल्या खिडकीच्या काचेतूनही आत येतं.

आता स्कार्फ. उजेडाकडे धरून बघा: पलीकडचा प्रकाश आरपार दिसत असेल, तर यूव्हीही तसंच आत शिरतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा कापडी स्कार्फ घ्या. घामाने चिंब झालेलं सुती कापड कोरड्यापेक्षा कमी अडवतं. गाडीवर हँडल धरलेले हात आणि चपलेतली पावलं उघडीच राहतात, ग्राउंडवर टोपी घातली तरी कान आणि मानेची मागची बाजू. हातांना पूर्ण बाह्यांचा सनकोट पुरतो, कानामागे मात्र आठवणीने बोट फिरवावं लागतं.

ऊन किती कडक आहे हे उकाड्यावरून ओळखू नका, सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर यूव्ही जोरात आहे. पुण्यात मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या अखेरीस सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. नेमके तेव्हाच परीक्षा आणि प्रवेशाचे हेलपाटे चालू असतात.

पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर त्वचा नेहमीपेक्षा लवकर भाजते. मैत्रिणीने सुचवलेली 'गोरं करणारी' स्टेरॉइडयुक्त क्रीम तर लावूच नका. तिने त्वचा पातळ होते आणि ऊन लागताच आग होऊन चेहरा लाल पडतो. आधीच लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतल्या उष्णतेने क्रीम फाटतं, तेल वेगळं सुटतं, मग एसपीएफचा भरवसा राहत नाही. ती सॅकमध्येच असू द्या.