पाणी न पिणारा पोट्टा

शाळेच्या स्मरणिकेसाठी फोन आला तो आमच्याच बॅचमधल्या मित्राचा. "तू जिद्दीवर लिही बे," म्हणाला, "नव्या पोट्ट्यांना प्रेरणा मिळते." शाळेत होतो तेव्हाही स्नेहसंमेलनात मला पायातल्या लोखंडी कॅलिपरसकट स्टेजवर उभं करायचे आणि जिद्दीवर भाषण व्हायचं. टाळ्या भरपूर पडायच्या. मला मात्र खाली उतरायची घाई असायची, कारण सकाळपासून मी लघवीला गेलेलो नसायचो. म्हणून जिद्द राहू द्या. मी आपल्या शाळेच्या मुतारीबद्दल आणि संडासाबद्दल लिहितो. संपादक मंडळाला हे अमृतमहोत्सवाला शोभणार नाही असं वाटलं तर त्यांनी खुशाल कात्री लावावी, पण मग सोबत माझा फोटोही छापू नये.

मी नागपूरच्या टिमकीचा. पुढच्या खोलीत बाबांचा खड्डामाग आणि मागच्या खोलीत आम्ही सगळे. जन्म १९७६ चा. दीड-दोन वर्षांचा असताना ताप आला, गल्लीतल्या डॉक्टरनं मांडीत सुई टोचली, आणि ताप उतरला तेव्हा उजव्या पायातलं बळही गेलेलं होतं. आजी शेवटपर्यंत त्या सुईला शिव्या घालायची. पुढे या विषयात शिकलो तेव्हा कळलं, म्हातारी अगदीच चुकीची नव्हती. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई दिली तर त्याच पायाला लकवा होण्याची शक्यता वाढते. देशाचा लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९७८ साली. थेंब आमच्या गल्लीपर्यंत पोचले तोवर मी कॅलिपर लावून चालायला लागलो होतो.

कॅलिपर कधी हातात घेतला नसेल तर सांगतो. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, त्यांना मांडीशी आणि पोटरीशी चामड्याचे पट्टे, खाली जडशीळ बूट आणि गुडघ्यापाशी कडीचं लॉक. लॉक खाली पाडलं की पाय ताठ राहतो आणि चालता येतं. बसायचं तर दोन्ही बाजूंच्या कड्या वर ओढाव्या लागतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभं राहिलं की त्या पट्ट्या चटके देतात. पोलिओत पायाची ताकद जाते, संवेदना जात नाही, त्यामुळे चटका पुरेपूर कळतो. शिवाय पोट्टा वाढत असतो, लोखंड वाढत नाही. वर्ष-दीड वर्षात बूट आखूड होतो, गुडघ्याचा सांधा आणि लॉक एकमेकांच्या जागेवर राहत नाहीत, मांडीला घट्टे पडतात. नवा कॅलिपर मिळेपर्यंतचा काळ गोळीबार चौकातल्या मोच्यानं निभावून नेला. पट्टा तुटला की बाबा मागावरच्या जाड सुताची पट्टी विणून द्यायचे, मोची ती शिवून द्यायचा. तेवढ्यासाठी शाळा बुडू द्यायची नाही, असं आईचं फर्मान होतं.

पाचवीत आपल्या शाळेत आलो तेव्हा पाचवीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरत. मुख्याध्यापिकाबाईंनी मला पहिल्या दिवशी जिना चढताना पाहिलं. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातानं पँट धरून पाय उचलायचा, पायरीवर ठेवायचा, मग अंग वर ओढायचं. बाई काही बोलल्या नाहीत. त्या आठवड्यातच आमची तुकडी खालच्या वर्गात आली आणि शिक्षकांची बसायची खोली वर गेली. काही सर-मॅडम बरेच दिवस कुरकुरत होते, ते मी वऱ्हांड्यात बसून ऐकलेलं आहे. पण आमची तुकडी दहावीपर्यंत खालीच राहिली. यासाठी कुठली योजना नव्हती, अनुदान नव्हतं, जीआर तर नव्हताच. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला कायदा झाला १९९५ साली. मी दहावी झालो १९९२ ला.

प्रयोगशाळा मात्र वरच होती. मित्र मला पाठीवर घेऊन जायचे. आठवीपर्यंत त्याची मजा वाटायची, नववीत वाटेनाशी झाली. वर्गात पोरी असताना दुसऱ्याच्या पाठीवरून उतरायचं म्हणजे काय, हे त्या वयाच्या पोट्ट्यालाच विचारावं. विज्ञानाच्या सरांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण सूक्ष्मदर्शक एक दिवस आपोआप खालच्या वऱ्हांड्यात आला.

आता मूळ मुद्दा. मुतारीला जायला दोन ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या होत्या. संडास उकिडवं बसायचे. ताठ पायानं उकिडवं बसता येत नाही, आणि लॉक काढून कसंबसं बसलं तरी धरायला काही नसेल तर उठता येत नाही. यावर मी माझ्यापुरता उपाय काढला होता: घरून निघताना पाणी प्यायचं नाही, शाळेत तर नाहीच नाही. एप्रिलमध्ये सकाळपाळीची शाळा सुटायची तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असायची. लघवीला जळजळ व्हायची, दोनदा थंडी वाजून ताप आला. डॉक्टरनं आईला विचारलं, "पोट्टा पाणी पितो का?" आई म्हणाली, "घरी तर तांब्या तांब्या पेते." घरी पाहणाऱ्याला आणखी काय दिसणार?

शाळेत ते दिसलं चपराशीकाकांना. माठ भरायचं काम त्यांचं, त्यामुळे कोण किती वेळा माठाकडे येतो हे त्यांना बरोबर ठाऊक. मधल्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं. "काहून बे, तुले तहान नाही लागत का?" मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पायाकडे पाहिलं आणि निघून गेले. पुढच्या सोमवारी कडेच्या संडासात भिंतीला भंगारातला जीआय पाइप आडवा ठोकलेला होता आणि भांड्यावर मधे भोक पाडलेलं लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. मुतारीच्या पायऱ्यांवर सिमेंट ओतून उतार केलेला, त्याला खराट्यानं रेघा ओढलेल्या, पाय सरकू नये म्हणून. या सगळ्याला खर्च किती आला असेल? माझ्या त्या वर्षीच्या पुस्तकांपेक्षा कमीच. काकांचं नाव शाळेच्या कुठल्याही फलकावर नाही. त्यांना विचारून छापायची सोय आता राहिलेली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

पुढे मुंबईला हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूटमध्ये कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवायचं शिकलो. आता नागपुरात सक्करदऱ्याला लहानसं वर्कशॉप आहे. लोखंड आणि चामडं बरंचसं मागे पडलं. पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेली पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची शीट ओढायची. वजन कमी, बुटाच्या आत मावतं. लोक विचारतात, "पोलिओ संपला, आता तुम्हाले काय काम?" पोलिओ संपला हे खरं. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा दाखलाही मिळाला. म्हणून मुलांचं अपंगत्व संपलं असं होत नाही. माझ्याकडे येतात त्यातली बरीच मुलं सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेली. आया सांगतात, "जन्मल्याबरोबर रडलं नाही जी." कुणाचा जन्मतः मुडपलेला पाय असतो. प्लास्टरनं तो सरळ होतो, पण पुढे चार-पाच वर्षं रात्री ब्रेस घालायचा असतो आणि पाय सरळ दिसला की घरचे ब्रेस माळ्यावर टाकतात. काही पोट्ट्यांच्या पोटऱ्या फुगलेल्या दिसतात, जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत उठतात. हे स्नायूंच्या आजाराचं लक्षण. दहा-बारा वर्षांच्या आसपास त्यांचं चालणं थांबतं, आणि तोवर शाळेत त्यांना आळशी म्हणून बोलणी बसलेली असतात.

आणि आपल्या विदर्भात सिकलसेल, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. २०१६ च्या नव्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात सिकलसेलही घेतला. या मुलांना बाहेरून पाहून काही कळत नाही. काहींचा खुब्याचा सांधा झिजून ती लंगडायला लागतात, तेव्हा माझ्यापर्यंत येतात. त्यांच्या अंगात पाणी कमी पडलं की कळा सुरू होतात, म्हणून त्यांनी दिवसभर पाणी प्यायलाच पाहिजे. त्यातून त्यांच्या मूत्रपिंडाला लघवी दाट करणं जमत नाही, त्यामुळे जावंही वारंवार लागतं. आता अशा पोराला तासाला उठू दिलं नाही, किंवा उठू दिलं आणि संडास वापरण्याजोगा नसला, तर ते काय करील? मी करायचो तेच. फरक एवढाच, की मला जळजळ व्हायची आणि त्याला दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

वर्कशॉपमध्ये माप घेताना मी आता हा प्रश्न ठरवून विचारतो: शाळेत पाणी पितोस का? उत्तर बहुतेक वेळा आईकडे पाहून येतं. वयात आलेल्या मुली तर उत्तरच देत नाहीत. त्यांच्या आया सांगतात की आता शाळा सोडवली. कारण विचारलं तर "लांब पडते जी" म्हणतात. शाळा दोन गल्ल्या सोडून असते.

साहित्यवाटप होतं, नाही असं नाही. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, हे साहित्य बनवणारा कानपूरचा अलिम्को कारखाना त्याच्याही आधीचा, १९७२ चा. शिबिरात फोटो निघतात, सामान घरी येतं. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात होते. हातानं चालवायची तीनचाकी टिकते, कारण तिची चेन आणि टायर कुठल्याही सायकलवाल्याला समजतात. चकचकीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं गल्लीतल्या नालीच्या फटीत अडकतात आणि त्यांचं बेअरिंग जवळपास कुठं मिळत नाही. म्हणून दाते भेटले की मी सांगतो, दहा नव्या खुर्च्यांऐवजी पाच द्या आणि उरलेल्या पैशात दुरुस्ती, उशा आणि दरवर्षीचं नवं माप धरा. ते मान डोलावतात आणि दहा देतात. पाचाचा फोटो लहान येतो ना.

आपल्या शाळेत रॅम्प झाला, मी पाहून आलो. घसरगुंडी आहे. नियम एकास बाराचा. आपलं जोतं दोन फूट उंच, म्हणजे रॅम्प चोवीस फूट लांब हवा. तो जेमतेम आठ फुटांचा असेल. व्हीलचेअरवरच्या मुलाला तिथून वर ढकलायला दोन पैलवान लागतील आणि खाली येताना देव. दिव्यांगांचं म्हणून स्वच्छतागृहही बांधलं आहे, त्याला कुलूप आहे, आत झाडू आणि जुनी बाकं. मी बऱ्याच शाळांमध्ये हेच पाहतो, त्यामुळे आपल्याच शाळेवर राग धरत नाही.

महोत्सव समिती प्रवेशद्वारावर कमान बांधणार आहे, माजी विद्यार्थ्यांकडे वर्गणी मागणं सुरू आहे. माझी सूचना लिहूनच देतो, म्हणजे सभेत ऐकू आली नाही असं व्हायला नको. कमान पुढच्या महोत्सवाला बांधा. आधी ते स्वच्छतागृह रिकामं करा. दार ९० सेंटीमीटर रुंद आणि बाहेर उघडणारं हवं, उंबरठा नको. आत व्हीलचेअर वळायला दीड मीटर जागा, कमोड, दोन्ही बाजूंना भिंतीत पक्के रोवलेले पाइप, बसल्या जागी हात पोचेल असा नळ. मोठ्या मुलींच्या आणि लंगोट बदलावे लागणाऱ्या मुलांच्या मदतीला एक बाई पगारावर ठेवा, आईला मजुरी बुडवून शाळेत बसवू नका. रॅम्प तोडून नव्यानं बांधा, माप घ्यायला मी स्वतः येतो. कुलपाची किल्ली ऑफिसात नको, कुलूपच नको.

या कामाची वर्गणी घ्यायला या, पहिली पावती माझ्या नावानं फाडा. संगमरवरी पाटी लावायची असेल तर मात्र ती मुख्याध्यापिकाबाईंच्या आणि चपराशीकाकांच्या नावाची लावा, आणि दारासमोर लावू नका, खुर्ची अडकते.