नमुना 1 वाचायला शिकले तेव्हा

ग्रामपंचायत सदस्य झाले त्या पहिल्या वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत मी फक्त सही केली. भाऊसाहेबांनी आकडे वाचून दाखवले (ग्रामसेवकाच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ते भाऊसाहेबच), सूचक-अनुमोदकाची नावं लिहिली गेली, चहा आला आणि प्रोसिडिंग बुक माझ्यापुढे सरकलं. वीस मिनिटांत गावाचं वर्षभराचं ठरलं. घरी येताना अंगणवाडीच्या सेविकाताई भेटल्या. "आमच्या नळाचं काही झालं का हो?" मला उत्तर देता येईना. नळाचा विषय त्या कागदात होता की नव्हता, हेच मला ठाऊक नव्हतं.

अंगणवाडीला शौचालय बांधलेलं होतं. फरशी, दार, सगळं होतं. पाणी नाही म्हणून दाराला कुलूप. तीन-चार वर्षांची लेकरं मागच्या बाभळीखाली बसायची. महिला राखीव जागेवरून निवडून येताना मी ज्या घरांत मतं मागितली, त्यांचीच ही लेकरं. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांकडून नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रकाची झेरॉक्स मागून आणली. मुलीची पट्टी एकेका ओळीखाली धरून वाचत बसले. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च. सगळ्यात वर आरंभीची शिल्लक, मग घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, मग शासनाची अनुदानं. खर्चात ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ठरलेले वाटे: मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के, दिव्यांगांसाठी 5 टक्के. महिला व बालकल्याणापुढे 41 हजारांची तरतूद होती. मला आनंदच झाला. मग शेजारी मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च पाहिला. तिथे लिहिलं होतं, निरंक. म्हणजे शून्य.

हे कसं, ते कळायला नमुना 9 बघावा लागला. ती मागणीची नोंदवही. कुणाकडे मागची थकबाकी किती, चालू वर्षाची मागणी किती, वसूल किती, हे त्यात घरवार असतं. थकबाकीसकट मागणी होती 4 लाख 10 हजार आणि वसूल झाले होते जेमतेम 2 लाख 40 हजार. अंदाजपत्रकात मात्र जमेला सगळी मागणीच धरली होती. न आलेल्या पैशांवर वाटे पाडलेले! खरे 10 टक्के निघाले असते 24 हजार, आणि तेही खर्ची पडले नव्हते.

भाऊसाहेबांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, वसुली येते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पाणीपुरवठ्याचं वीजबिल आणि शिपायाचा पगार बारा महिने द्यावा लागतो. जो दारात उभा राहतो त्याला आधी पैसे जातात. अंगणवाडी कुठं दारात येते?" हे वाक्य मी विसरले नाही.

आमच्याकडे मुख्य पैसा उन्हाळ कांद्याचा. कांदा निघतो मार्चअखेर ते मे, आणि ग्रामपंचायतीचं वर्ष संपतं 31 मार्चला. म्हणजे नोटिसा जायच्या तेव्हा लोकांच्या हातात पैसाच नसायचा. म्हणून मेमध्ये, चालू वर्षाच्या सुरुवातीलाच, मी शिपायाला घेऊन पावती पुस्तकासह घरोघरी निघाले. एका दारात म्हातारबाबांनी ऐकवलं, "दिवाबत्ती कर मागतेस, माझ्या दारातला दिवा आठ महिने बंद आहे." ते खरंच होतं. आम्ही पावती न फाडता परत आलो. चार दिवसांत दिवा लागला आणि त्याच संध्याकाळी बाबांनी स्वतः येऊन तीन वर्षांची थकबाकी भरली. नोटा पिशवीत घड्या घालून ठेवल्या होत्या, म्हणजे पैसे आधीपासून तयार होते.

ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. आमच्याकडे तोवर तिचं रजिस्टरच सह्यांसाठी घरोघर फिरायचं. त्या वर्षी दवंडी दिली, मारुतीच्या सभामंडपात सतरंज्या टाकल्या आणि चाळीसएक बायका आल्या. 10 टक्क्यांतून काय घ्यायचं म्हटल्यावर पहिलं नाव शिलाई मशीनचं निघालं. तेव्हा एक आक्का उठल्या. "मशिनी दोन माझ्याच घरात पडल्यात. लेकरांना पाणी द्या." ठराव तसाच झाला.

नळाचा खर्च मात्र 24 हजारांत बसेना. इथे भाऊसाहेबांनी वाट दाखवली. केंद्राकडून येणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीचे बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते, आणि बंधित 60 टक्के पाणी व स्वच्छतेवरच खर्चायचे होते. टाकी आणि पाइपलाइन त्यात बसत होती. मुलांच्या उंचीची बेसिनं आणि आतलं सामान 10 टक्क्यांतून घ्यायचं. अट एकच: काम गावाच्या विकास आराखड्यात हवं आणि आराखडा शासनाच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेला हवा, नाहीतर बिल निघत नाही. अभियंत्याकडून इस्टिमेट मिळवायला मी तालुक्याला पाच चकरा मारल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

डिसेंबरातली सभा या वेळी दोन तास चालली. घरपट्टीची जमा गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष जितकी आली तितकीच धरा, असा मी आग्रह धरला. दोन सदस्य तापले, कारण आकडा खाली आला की त्यांच्या वॉर्डातली गटारं कागदावरून जात होती. सरपंच म्हणाले, उत्पन्न कमी दाखवलं तर वरून निधी कमी येईल. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर मिळतो, त्याचा घरपट्टीच्या अंदाजाशी संबंध नाही, हे भाऊसाहेबांनी समजावलं तेव्हा ते गप्प झाले. एक गटार अंदाजपत्रकात राहिलं, दुसरं पुढच्या वर्षावर गेलं. त्या सदस्याने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं, कारण त्याच्या गल्लीत पावसाळ्यात खरंच पाणी तुंबतं. पण नसलेल्या पैशांतून ते गटार झालंच नसतं.

जूनमध्ये अंगणवाडी उघडली त्या दिवशी नळाला पाणी होतं. बेसिनं इतकी खाली आहेत की मोठ्यांना वाकावं लागतं. एक पोरगी नळ सुरू करून पाण्याखाली नुसती हात धरून उभी होती. सेविकाताईंनी शौचालयाचं ते जुनं कुलूप माझ्या हातात दिलं.

यंदाच्या सभेची नोटीस परवा आली. दिव्यांगांच्या 5 टक्क्यांपुढे अजून निरंक आहे. आमच्या गावात दिव्यांग माणसं असलेली नऊ घरं आहेत. त्यातल्या सहा घरी मी जाऊन आले, उरलेल्या तिन्ही घरी रविवारी जाणार आहे.