पंप कंट्रोलरचं स्कीमॅटिक: कीकॅडचे ते दोन लाल बाण गेले एकदाचे

मंडळी, कीकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमधली ईआरसीची (स्कीमॅटिकमधल्या, म्हणजे सर्किटच्या आकृतीतल्या, जोडणीच्या चुका शोधणाऱ्या तपासणीची) यादी अखेर कोरी निघाली. मागच्या वेळी चूक दाखवणाऱ्या ज्या दोन लाल बाणांपाशी सोडलं होतं, ते दोन्ही गेले. नुसते गेले नाहीत, का येत होते तेही समजलं, म्हणून आजचं जरा लांबणार.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: वेंगुर्ल्यात विहिरीवरच्या पंपाला ५५५ या टायमर आयसीवर चालणारा, टाकीतली पाण्याची पातळी बघणारा लेव्हल कंट्रोलर. टाकीत एक प्रोब (पाणी लागलं की कळवणारी धातूची काडी) खाली, एक वर. खालचा उघडा पडला की पंप सुरू, वरच्याला पाणी लागलं की बंद. झीरो बोर्डवर (भोकं पाडलेल्या तयार सोल्डरिंग बोर्डवर) तो गेला पावसाळाभर बिनतक्रार चाललाय. आता शेजारच्या अकरावीतल्या पोराला तसाच स्वतःच्या घरी करायचाय, आणि माझ्या वहीतलं सर्किट माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. म्हणून हा सॉफ्टवेअरचा खटाटोप.

सॉफ्टवेअरच्या निवडीचं थोडक्यात सांगतो. टिंकरकॅड पोराला आधीच माहीत होतं, ५५५ तिथे चालतोही, पण सगळा कारभार ब्राउझरमध्ये. इझीईडीएची डेस्कटॉप आवृत्ती आहे, तरी त्याची खरी मजा ऑनलाइन पार्टच्या यादीत. आमच्याकडे आभाळ भरून आलं की आधी लाइट जाते, मागोमाग टॉवर. फ्रिट्झिंगमधलं ब्रेडबोर्डचं (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीचं) चित्र बघून कुणीही हरखेल, पण स्कीमॅटिकच्या पानावर गेलं की वायरींचा नुसता गुंता, शिवाय डाउनलोडला थोडे युरो मोजायचे. ईगलवर माझा हात बसलेला. पण ऑटोडेस्कने ७ जून २०२६ ही त्याची शेवटची तारीख जाहीर केल्यावर नव्या माणसाला ते काय शिकवायचं? उरलं कीकॅड. १९९२ पासून चालत आलेलं, २०१३ पासून सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा हातभार लागलेलं, फुकट, आणि एकदा बसवलं की नेट लागत नाही. लाइट गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुढे चालू राहतं ते सोपं सॉफ्टवेअर, असं माझं किनाऱ्यावरचं मत. डाउनलोड तेवढं एक जीबीच्या वर आहे. ते मेव्हण्याने पुण्याहून पेनड्राइव्हवर पाठवलं.

पोराची पहिली अडचण रेझिस्टरची. पुस्तकात नागमोडी रेघ, इथे लांबट चौकोन. 'आर' ऐवजी 'आर यूएस' नावाचं सिम्बॉल घेतलं की ओळखीची नागमोडी मिळते. दुसरी अडचण ग्रिडची. त्याने ग्रिड बारीक करून ठेवला होता, त्यामुळे वायर पिनला टेकलेली दिसायची पण जोडलेली नसायची. "काका, वायर जोडलंय, तरी ह्या म्हणता जोडूक नाय!" पिनच्या टोकावरचा बारका गोल नाहीसा झाला तरच जोड झाली असं समजायचं. ग्रिड ५० मिलवर (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणला, सगळं सिलेक्ट करून 'अलाइन एलिमेंट्स टू ग्रिड' दिलं, मिटलं.

आता ते बाण. संदेश असा: 'इनपुट पॉवर पिन नॉट ड्रिव्हन बाय एनी आउटपुट पॉवर पिन्स'. एक बाण ५५५ च्या आठ नंबरच्या पिनवर, एक ग्राउंडवर. चित्रात तर +१२ व्होल्टचं सिम्बॉल ठसठशीत बसलेलं, ग्राउंडही जागच्या जागी. मग पुरवठा नाही म्हणतंय ते कशाच्या जोरावर?

गंमत अशी की कीकॅडमध्ये प्रत्येक पिनला एक जात असते: इनपुट, आउटपुट, पॅसिव्ह, पॉवर इनपुट, पॉवर आउटपुट. +१२ चं सिम्बॉल बघून आपल्याला वाटतं वीज इथून येते. प्रत्यक्षात त्याची पिनही पॉवर इनपुटच! ते नुसती नावाची पाटी आहे. अडॅप्टरचा कनेक्टर म्हणाल तर त्याच्या पिना पॅसिव्ह. म्हणजे सगळे मागणारे, देणारा कुणीच नाही. त्यासाठी 'पॉवर फ्लॅग' नावाचं वेगळं सिम्बॉल असतं. सर्किटमध्ये त्याला काडीचं काम नाही, 'इथे बाहेरून पुरवठा येतो' एवढं सॉफ्टवेअरला सांगायचं.

कनेक्टरच्या दोन्ही पिनांवर फ्लॅग लावले. ग्राउंडचा बाण गेला, +१२ चा तस्साच. इथे डोकं फिरलं. फ्लॅग काढून पुन्हा लावा, सिम्बॉल बदला, फाइल बंद करून उघडा, सगळं झालं. नेटवर काहीजण ती चूक सेटिंगमधून 'इग्नोर' करा असं सांगतात. तसं करणं म्हणजे ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फोडणं.

उलगडा झाला तो सर्किटमधला नेट, म्हणजे एकमेकांना थेट जोडलेल्या वायरी-पिनांचा गट, हायलाइट केल्यावर. कनेक्टरपासून उजळलेली वायर डायोडपाशी येऊन थांबली. अडॅप्टर उलटा लागला तर आयसी वाचावा म्हणून मी १एन४००७ टाकलाय, आणि डायोडच्या अलीकडचा नेट वेगळा, पलीकडचा वेगळा. +१२ ची पाटी पलीकडे, फ्लॅग अलीकडे. फ्यूज टाकला असता तरी हेच झालं असतं. फ्लॅग उचलून डायोडच्या पुढे ठेवला, ईआरसी चालवलं, शून्य. पोराने तेवढ्यात सात नंबरच्या मोकळ्या पिनवर क्यू दाबून 'ही मुद्दाम मोकळी' अशी फुलीही मारली होती, न सांगता. त्याला शंभर मार्क.

पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेबद्दल (विजेवर चालणाऱ्या स्विचबद्दल) एक सूचना. एका ऑनलाइन दुकानातून १२ व्होल्टचे मागवले, पिशवीवर १२ लिहिलेलं, आत ५ चे. जोडण्याआधी अंगावरचा आकडा वाचा. मी आता मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडलाच फोन करतो. तिथला माणूस नग हातात घेऊन नंबर वाचून दाखवतो, त्यापुढे कुरिअरचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुढचा बेत एकपदरी पीसीबी (तांब्याच्या रेघांचा छापील सर्किट बोर्ड) नको असलेलं तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये काढायचा होता. पण हे लिहिताना चार नंबरच्या पिनकडे लक्ष गेलं. रिसेटची ती पिन मी थेट +१२ ला बांधून टाकलीय. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते आणि पंप कोरडा फिरायची भीती असते. विहिरीत एक प्रोब सोडून, पाणी संपलं की बीसी५४७ ट्रान्झिस्टरने ती पिन ग्राउंडला खेचली तर ५५५ चं आउटपुट पडेल आणि पंप आपोआप थांबेल. एरवी पिन +१२ कडे धरून ठेवणारा १० के चा रेझिस्टर (पुल-अप) आणि एखाद-दोन ट्रान्झिस्टर, बस. म्हणजे पीसीबी थांबला, आधी स्कीमॅटिकमध्ये हे बसवतो आणि ब्रेडबोर्डवर बघतो.

प्रोबना सध्या सायकलच्या स्टीलच्या आऱ्या लावल्यात. खालच्या-वरच्या दोन्हींसाठीचा तिसरा, सामाईक प्रोब +१२ वर असल्याने तोच आधी खाल्ला जातो. विहिरीत कुणी स्टेनलेसचा जाड रॉड वापरला असेल तर किती टिकला आणि वायरचा जोड पाण्यापासून कसा बंद केला, ते सांगा.