ॲपवर बंद, कागदावर चालू : बर्लिनमधल्या नोकरीचा माझा अनुभव

बर्लिनमध्ये जर्मन जेमतेम येणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत लवकर मिळणारे काम म्हणजे सायकलवरून जेवण पोहोचवण्याचे. अर्ज मोबाइलवर, कागदपत्रांचे फोटो मोबाइलवर, करारावरची सहीसुद्धा पडद्यावर बोटाने. मुलाखत नाही, आणि उच्चार ऐकून कपाळाला आठ्या घालणारेही कोणी नाही. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे 49 हजार होती आणि परदेशी विद्यार्थ्यांत ती सर्वाधिक होती. त्यांपैकी बरेच जण फीसाठी काढलेल्या कर्जाचे ओझे घेऊन येतात आणि संध्याकाळी पाठीवर ती चौकोनी पिशवी अडकवतात. मीही त्यांतलीच एक. हे काम कंपनीच्या पगारी नोकरीचे होते आणि त्याने माझे घरभाडे निघत होते, हे आधीच सांगते, कारण या व्यवस्थेला सरसकट शिव्या देणे मला पटत नाही.

एका संध्याकाळी ॲप उघडले, तर खाते स्थगित केल्याची एक ओळ तेवढी दिसली. कारण दिलेले नव्हते, आणि मदतीच्या चॅटमध्ये तेच ठरावीक उत्तर पुन्हा पुन्हा येत होते. खरी अडचण पुढची होती. पाळ्यांचे वेळापत्रक, केलेले तास, पगाराच्या पावत्या हे सगळे त्याच ॲपमध्ये असल्यामुळे कामासोबत कामाचा पुरावाही गेला. घरी स्वयंपाक कोणी करायचा हे ठरवण्यासाठी दर आठवड्याचे वेळापत्रक मी खोलीतल्या मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवत असे. तेवढेच हाती उरले.

स्थलांतरित कामगारांना मोफत सल्ला देणारे 'बेमा' नावाचे केंद्र बर्लिनमध्ये आहे. तिथल्या सल्लागार बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कागद आला का?" जर्मन नागरी संहितेच्या कलम 623 नुसार नोकरीवरून काढल्याची सूचना कागदावर आणि शाईच्या सहीनिशीच द्यावी लागते, ईमेल, संदेश किंवा ॲपमधली ओळ यांना त्यासाठी काडीची किंमत नाही. नोकरी लागायला बोटाची सही पुरते, पण काढायला शाई लागते. या देशाच्या कागदवेडाला मी तोवर नावे ठेवत आले होते, ती त्या दिवशी बंद केली. नोकरी कायद्याने शाबूत होती आणि मी काम करायला तयार असताना कंपनी ते देत नसेल, तर पगार चालू राहायला हवा होता. म्हणून "ठरलेल्या पाळ्यांना हजर राहण्यास मी तयार आहे" असे स्पष्ट वाक्य असलेला ईमेल मी त्याच दिवशी पाठवला.

दुसरे पत्र माहितीच्या मागणीचे होते. 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम 15 नुसार आपल्याविषयी साठवलेली माहिती मागता येते, आणि कंपनीला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने घेता येतात. येथे सल्लागार बाईंचा अनुभव उपयोगी पडला. "मला का काढले?" असे विचारले की गोलमाल उत्तर येते, म्हणून आम्ही थेट गोष्टींची नावे घेतली : चेहरा पडताळणीचे (खाते वापरणारी मीच आहे का, हे फोटोवरून तपासण्याचे) निकाल, माझ्या खात्यावरचे अंतर्गत शेरे, स्थगितीची वेळ, आणि तो निर्णय माणसाने घेतला की यंत्रणेने. कलम 22 चा उल्लेखही केला, कारण केवळ स्वयंचलित प्रक्रियेने घेतलेल्या गंभीर परिणामाच्या निर्णयात माणसाने लक्ष घालावे, अशी मागणी त्याच्या आधारे करता येते. मात्र बाईंनी एक ताकीदही दिली. बडतर्फीचा कागद हाती आलाच, तर त्याला आव्हान देण्याची मुदत फक्त तीन आठवड्यांची असते, आणि माहिती यायला महिना लागतो. तेव्हा माहितीची वाट पाहत बसायचे नाही. घरभाडे तर दोन्ही मुदतींसाठी थांबत नाही. मधल्या काळात मी ते उसनवारीवर भागवले.

मुदत संपता संपता एक झिप फाइल आली. तिच्यातल्या तक्त्यात पाळीतल्या दर काही सेकंदांचे माझे अक्षांश-रेखांश होते. एका कबाबच्या दुकानासमोर पार्सलची वाट पाहत उभी असतानाचे एकसारखे आकडे ओळीने खाली उतरत गेलेले दिसत होते. चेहरा पडताळणीच्या रकान्यात शेवटी दोनदा 'जुळले नाही' अशी नोंद होती, दोन्ही वेळा अंधार पडल्यानंतरची. लगेच पुढची ओळ स्थगितीची, आणि निर्णय घेणाऱ्याच्या जागी 'सिस्टिम'. ज्यांना काम करण्याचा परवाना नाही असे लोक इतरांची खाती भाड्याने घेतात आणि कमाईतला वाटा देतात, हे खरे असल्यामुळे पडताळणीला माझा विरोध नाही. पण हेल्मेटखालच्या अंधारलेल्या फोटोवरून रोजगार थांबवण्याआधी कोणीतरी एक फोन करायला हवा होता. प्लॅटफॉर्मवरील कामाविषयीच्या युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशात खाते स्थगितीचा निर्णय माणसानेच घ्यावा आणि लेखी कारण द्यावे, असे आहे. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात आणण्याची मुदत 2 डिसेंबर 2026 आहे.

थकलेल्या पगारासाठी मी मागडेबुर्गर प्लाट्झवरच्या कामगार न्यायालयात गेले. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नसतो, आणि जिंकले तरी आपल्या वकिलाचा खर्च आपल्यालाच सोसावा लागतो, त्यामुळे मी एकटीच उभी राहिले. अर्ज लिहून घेणाऱ्या कक्षात एका कर्मचाऱ्याने वेळापत्रकाचे स्क्रीनशॉट पाहत माझा दावा टंकलिखित करून दिला. शुल्क आगाऊ भरावे लागले नाही. तडजोडीच्या सुनावणीत न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलांकडे बडतर्फीचे पत्र मागितले. ते नव्हतेच. महिनाअखेर परस्परसंमतीने करार संपवायचा, तोवरचा ठरलेल्या तासांचा पगार द्यायचा आणि अनुभवाचे प्रमाणपत्र द्यायचे, असे ठरले. चेहरा का जुळला नाही, हे कोणीच सांगितले नाही.

नंतर विद्यापीठाच्या ओळखीने एका कार्यालयात अर्धवेळ काम मिळाले. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते, म्हणून तिथे रुजू होताना यंदाचे किती दिवस वापरले, असे विचारण्यात आले. तो हिशेब मी त्या झिप फाइलमधून काढून दिला.